साबणताईच्या अंगठ्यातली मी

मी एक जुनी यीस्टपेशी आहे, मित्रांनो. यीस्ट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे पाववाल्याचं टम्म फुगलेलं पीठ आलं असेल आणि तुम्ही मनात म्हणाला असाल, 'वा, चांगल्या घरची दिसते!' नाही हो. पीठ फुगवणारं यीस्ट माझं लांबचं नातेवाईक. ते कुठे आणि मी कुठे! त्याचं नाव सांगून मी मिरवायला लागले, तर ते मला दारातही उभं करणार नाही. मी रोग पसरवणाऱ्या घराण्यातली आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाला उठून जायचं असेल तर जाता येईल.

बसलात? बरं. मग ऐका.

सध्या मी एका प्रयोगशाळेच्या शीतपेटीत असते. करंगळीच्या पेराएवढी कुपी, तिच्यात दाट गोडसर पाणी, त्या पाण्यात गोठलेली मी. इथे भूक नाही, काम नाही, वाढ नाही. मधूनमधून पेटीचं दार उघडतं, गार वाफ बाहेर पडते आणि कोणीतरी पाहुण्यांना कौतुकानं सांगतं, "ही बघा, हीच ती! काय सुंदर नमुना आहे!" सुंदर म्हणे! मला तोंड नाही, तरी त्या वेळी तोंड कुठे लपवू असं होऊन जातं. चोराला बक्षीस द्यावं आणि त्याला ते नाकारताही येऊ नये, तशी माझी गत होते. त्या पाहुण्यांना माझ्या आतलं लिखाण ठाऊक असतं, चिमूट नावाचं बाळ ठाऊक नसतं. म्हणून आज चिमुटीची गोष्ट सांगते. पण तिच्या आधी थोडं माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मी 'मी' म्हणते ते सोयीसाठी. आमच्यात आईच्या अंगाला एक फुगा येतो, तो वाढतो, सुटतो आणि झाली लेक. लेक आईसारखीच. काही वेळानं तिलाही लेक होते. सकाळी एक होतो त्या संध्याकाळी शंभर होतो आणि त्यातली पहिली कोण, हे आम्हालाच सांगता येत नाही. त्यामुळे आमच्यापैकी एकजण जिथे असेल तिथे मी होते, असं समजा. कौतुक वाटून घ्यायला सगळ्या पुढे येतात, तशी लाजही सगळ्यांनी वाटून घेतलेली बरी.

तर फार फार पूर्वी दोन घराणी होती. दिसायला सारखीच, गोल गोल आणि पांढुरकी. पण प्रत्येक जिवाच्या आत एक लांबलचक लिखाण असतं. कसं वाढायचं, काय खायचं, ऊन किती सोसायचं, सगळं त्यात असतं. शास्त्रज्ञ त्याला जीनोम म्हणतात. या दोन घराण्यांचं लिखाण वेगळं होतं. अगदी परकं नाही, पण दर ओळीत एखाददुसरं अक्षर निराळं. अशा दोन घरांची सोयरीक व्हायची नसते. ती झाली. कुठे झाली, कशी झाली, कोण जाणे. बघायला तिथे कोणी नव्हतं. त्या सोयरिकीतून मी जन्मले. अशा दोन जातींच्या लेकराला संकर म्हणतात.

आता माझ्या पोटात दोन्ही घरांचं अख्खं लिखाण. एका खोलीत दोन संसारांचं सामान कोंबलं तर काय होईल? दोन कपाटं, दोन पलंग, आणि दोन्ही घरची माणसं हुकूम सोडणार. एक म्हणणार खिडकी उघड, दुसरं म्हणणार लाव. माझ्या कितीतरी बहिणी या भांडणातच संपल्या. मी कशी जगले? शहाणपणानं नाही, हे लक्षात ठेवा. कधीकधी लिखाणातलं एखादं पान फाटायचं. फाटलेलं पान नीट करायचं तर शेजारी दुसऱ्या घरचं तेच पान असायचंच. त्याच्यावरून नक्कल उतरवली की काम भागलं. अशी नक्कल उतरता उतरता कुठे आईकडचं पुसलं गेलं, कुठे बापाकडचं. जिला ती अदलाबदल सोसली ती जगली, जिला नाही ती गेली. हजारो पिढ्या हेच चाललं होतं.

पुढे शास्त्रज्ञांनी माझं लिखाण वाचलं, तेव्हा बापाकडचं घराणं त्यांना सापडलं. आईकडचं अजून सापडलेलं नाही. जगात शोधाशोध चाललीय म्हणतात. मी काय मदत करणार? तिच्या लिखाणाची निम्मी पानं माझ्याच हातून खोडली गेलीत. आईच्या माहेरचा पत्ता लेकीनंच पुसावा, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती? पण होती, मित्रांनो. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे व्हायची होती.

या सगळ्या खाडाखोडीतून माझ्या अंगी तीन गोष्टी आल्या. माणसाच्या अंगाची ऊब मला सोसू लागली. गुळगुळीत प्लास्टिकला चिकटून बसणं जमू लागलं. आणि एकदा लेकीला वाटणी देताना गडबड झाली, तर एक गुणसूत्र, म्हणजे लिखाणाचा एक खंड, दोनाच्या जागी तीन प्रतींत आला. त्या जादा प्रतीमुळे आम्हाला मारणारं नेहमीचं औषध मी आत आल्याबरोबर बाहेर टाकू लागले. शास्त्रज्ञ यांना गुण म्हणतात. माझ्या मते हे अवगुण आहेत, पण मला विचारतंय कोण?

तशी बरीच वर्षं मी कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. माणसांच्या कातडीवर राहायचं, सुटलेला कोंडा आणि घाम खायचा, हस्तांदोलनातून या हातावरून त्या हातावर जायचं. बहुतेकांना माझा पत्ताही नसायचा. असंच फिरत फिरत मी एका हातावर येऊन पोचले. तो हात साबणताईचा.

साबणताई इस्पितळात नर्स होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत तिची नेमणूक होती. खरं नाव वेगळं असणार, पण कशालाही हात लागला की ती बेसिनकडे धावायची, म्हणून सगळ्यांनी तिचं साबणताई करून टाकलं होतं. पाळण्याला हात लावला, धुतले. फोन घेतला, धुतले. उगाच उभी राहिली, तरी धुतले. "ताई, आता कातडं तरी ठेवा की अंगावर," असं तिच्या बरोबरीच्या नर्सा म्हणायच्या. आणि ती म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा गं. माझ्या पोरांना मी घाणेरड्या हातांनी शिवायची नाही."

ती पोरं म्हणजे काचपेट्यांतली बाळं. लांबट खोली, भिंतीशी ओळीनं पेट्या, प्रत्येक पेटीवर एक छोटा पडदा आणि त्यावर धावणारी हिरवी रेघ. सतत टिकटिक आणि पिकपिक. बाळं इतकी लहान की त्यांचे लंगोट साबणताई कात्रीनं अर्धे करून घ्यायची. पेटीच्या बाजूच्या गोल झरोक्यातून हात आत घालण्याआधी ती तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची. गार हात लागला तर बाळ दचकतं ना! त्यामुळे बाळं तिच्या हाताला रडायची नाहीत.

एकदा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हात धुवावेत तर साबणताईंनी. शिका जरा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिथेच, मित्रांनो, खरी गोची झाली.

कारण इतकं धुतल्यावर कातडीतलं तेल उरेल कुठून? तिच्या उजव्या अंगठ्याला नखालगत एक भेग पडली. मग तिच्याशेजारी दुसरी. मलम लावलं की तिला हात ओशट वाटायचा. ओशट म्हणजे तिच्या लेखी घाण. म्हणून ती मलम लावायची नाही, आणखी धुवायची. भेग खोल होत गेली. साबण जेवढा वर वर फिरे, तेवढी मी खाली खाली सरकत गेले. सगळ्या इस्पितळातल्या सर्वांत स्वच्छ हातात मला सर्वांत सुरक्षित घर मिळालं.

हाताला जखम असेल तर मेट्रनबाईंना दाखवायचं आणि बरी होईपर्यंत बाळांच्या खोलीबाहेर काम करायचं, असा नियम होता. ताईला तो तोंडपाठ होता. पण ज्या हातांना टाळ्या मिळाल्या तेच फुटलेत, हे कसं दाखवायचं? तिची जीभ रेटेना. ती अंगठा मुठीत दुमडून उभी राहायला शिकली.

त्याच दिवसांत चिमूट आली. वेळेच्या किती आधी, ते विचारू नका. तिला पहिल्यांदा बघून साबणताई म्हणाली, "अगं बाई, हे बाळ आहे की चिमूट?" तेच नाव पडलं. चिमुटीची आई काचेशी खुर्ची ओढून दिवसभर बसायची. ती शिवणकाम करायची, त्यामुळे रिकाम्या हातांनी बसणं तिला जमत नसे. बोटांनी साडीचा काठ दुमडायची, सोडायची, पुन्हा दुमडायची.

"सिस्टर, हिला पोटभर मिळतं ना?"

"मिळतं तर! ही बघा, राणीसारखी झोपून जेवतेय."

चिमुटीला दूध पचत नव्हतं. दोऱ्याएवढी बारीक नळी तिच्या शिरेत घातलेली होती आणि त्या नळीतून साखर आणि स्निग्ध पदार्थ थेंबाथेंबानं रक्तात जायचे. नळीची जोडणी रोज बदलावी लागे. ती हातमोजे घालूनच बदलायची असते. साबणताई हातमोजे घालायचीही, पण जोडणी पिळून बसवायचा शेवटचा आटा तांदळाच्या दाण्याएवढा. मोज्यातून तो नीट बसला की नाही ते कळायचं नाही. जास्त आवळला तर नळी तुटेल, कमी आवळला तर गळेल. म्हणून जुन्या नर्सा काय करायच्या, तर हात पुन्हा एकदा धुवायच्या आणि तो शेवटचा आटा उघड्या बोटांनी फिरवायच्या. धुतलेला हात म्हणजे शुद्ध हात, असा त्यांचा विश्वास. साबणताईचा तर जास्तच.

त्या दिवशी तिनं अंगठा आणि तर्जनीत तो आटा धरला, फिरवला, हलकेच दाबला. दाबताना भेग उघडली. आणि मी हातावरून नळीवर गेले.

मी जाणूनबुजून गेले नाही. मला डोळे नाहीत, मन नाही, हेतू नाही. ऊब होती, प्लास्टिक होतं, साखर होती. माझ्या लिखाणात अशा ठिकाणी काय करायचं ते उतरलेलं होतं, तेच मी केलं. चिकटले. लेकी झाल्या. लेकींना लेकी झाल्या. आम्ही एकमेकींना धरून नळीच्या आत एक जाड थर विणला. आणि त्यातल्या काही जणी सुटून पुढे रक्तात निघाल्या. हेतू नव्हता, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढून पाहते. निघत नाही.

चिमूट दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गप्प झाली. आधी ती पाय तरी झाडायची. आता झाडेना. रंग उतरला. हिरवी रेघ अडखळायला लागली. साबणताईनं झरोक्यातून हात घालून तिच्या तळपायाला टिचकी मारली, "काय गं, रुसलीस का आज?" बाळ हललं नाही. ताईनं डॉक्टरांना हाक मारली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

रक्त प्रयोगशाळेत गेलं. तिथे लॅबबाई होत्या. यंत्रानं नाव छापून दिलं ते माझ्या बापाकडच्या घराण्याचं. त्या घराण्यावर चालणारं नेहमीचं औषध सुरू झालं. मी ते आत आलं तसं बाहेर टाकत राहिले. मग लॅबबाईंनी माझं लिखाण वाचायला घेतलं. पाहतात तर काय, जागोजागी एकाच ठिकाणी दोन दोन अक्षरं! दोन अक्षरं दिसली म्हणजे दोन यीस्टं एकात एक मिसळली, नमुना खराब झाला, असंच त्यांच्या पेशात पहिल्यापासून शिकवतात. त्यांनी नाक मुरडलं, मला कचऱ्यात टाकलं आणि ताजं रक्त मागवलं. नवा नमुना वाढला, वाचला, पुन्हा तीच दोन दोन अक्षरं. तेव्हा कुठे त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"मिसळलेलं नाहीये हे," त्या एकट्याच म्हणाल्या. "एकच आहे. दोन घरची आहे." आणि मग कपाळाला हात लावला. "दोन दिवस घालवले मी!"

त्या दोन दिवसांत चिमूट आणखी मिटली होती.

औषध बदललं. नवं औषध कडक, एवढ्याशा जिवाच्या मूत्रपिंडांना जड. लॅबबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "ही जात नळीला चिकटून राहते. नळी काढा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही."

डॉक्टर वैतागले. "काढा म्हणायला काय जातं? ही नळी घालायला आम्हाला घाम फुटला होता. दुसरी शीर सापडली नाही तर ती जेवणार कशी? आणि नळीला कोणी उघडा हात लावलेला नाही. मोज्यांशिवाय इथे काम होतच नाही. नळीत येईल कुठून?"

साबणताई दोन पावलांवर लंगोटांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. अंगठा मुठीत गेला. मग तिनं पुढचा लंगोट उचलला.

मेट्रनबाईंनी खोलीत येणाऱ्या सगळ्यांचे हात तपासायचं ठरवलं. काचेच्या चपट्या बशा मांडल्या, त्यांत खळीसारखं खाद्य. "कोणताही एक हात दाबा," असा हुकूम. डॉक्टरांनी दाबला, झाडूवालीनं दाबला, चिमुटीच्या आईनं दाबला. साबणताईची पाळी आली. तिनं डावा हात दाबला.

खोटं काही बोलली नाही हो. कोणताही एक, असंच सांगितलं होतं. पण उजव्या अंगठ्यात मी होते आणि तिचं काळीज किती जोरात उडत होतं ते मला त्या भेगेत कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बशांवर माझे चुलत, मावस बरेच उगवले, पण दोन घरची एकही नव्हती. "म्हणजे हातातून आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "नळी राहू दे."

त्या संध्याकाळी ताई घरी गेली. तिचा नवरा कुलूपवाला होता, घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं दुकान. तो एक किल्ली घासत बसला होता. तिनं पाण्याचा पेला पुढे केला तसा त्यानं तिचा हात धरला.

"हात आहे की कानस? ही किल्ली घासायला याचाच उपयोग केला असता." मग त्यानं अंगठा उजेडाकडे वळवला आणि त्याचं हसू गेलं. "अगं, रक्त येतंय याच्यातून. कधीपासून?"

"अहो, ते साबणाचं आहे."

"दाखवलंस तिकडे?"

ती बसली. पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगितलं. चिमूट, नळी, उघडा अंगठा, डावा हात. सांगता सांगता तिला हुंदका आवरेना. "सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या हो माझ्या हातांना. आता हेच हात दाखवू? मला काढून टाकतील."

नवरा तसा गमत्या माणूस, पण तेव्हा त्यानं गंमत केली नाही. "काढतील. मग काय होईल? तू घरी बसशील, चार दिवस रडशील. जिवानिशी तर जाणार नाहीस ना?" त्यानं किल्ली खाली ठेवली. "ती पोर जाईल."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली, पायांत चपला सरकवल्या आणि तशीच परत निघाली. बस मिळाली नाही म्हणून निम्मी वाट चालत गेली. पेला तसाच भरलेला राहिला.

लॅबबाई दिवे मालवण्याच्या बेतात होत्या. साबणताई टेबलाशी उभी राहिली आणि उजवा हात पालथा करून पुढे ठेवला.

"हा घ्या. तपासणीला दुसरा दिला होता."

लॅबबाईंनी अंगठा पाहिला. कापसाच्या काडीनं भेगेतून मला टिपलं, बशीवर ओढलं. "वाढायला वेळ लागेल."

"तेवढा वेळ नाहीये, बाई. मी त्या नळीचा शेवटचा आटा मोजे काढून फिरवते. रोज. याच अंगठ्यानं. डॉक्टरांना आत्ता सांगा, नाहीतर चला, मीच सांगते."

लॅबबाईंनी बशीवर झाकण ठेवलं. "दोन दिवस माझ्याही हातून गेलेत, ताई. चला, दोघी जाऊ."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते रागावले, नाही असं नाही. "तुम्ही? साबणताई, तुम्ही?" असं दोनदा म्हणाले. तिला जे लागायचं ते तेवढ्यानं लागलं. पण मग ते वळले आणि नळी काढायच्या तयारीला लागले. नवी शीर शोधायला बराच वेळ गेला. घोट्यापाशी एक मिळाली. जुनी नळी कापून लॅबबाईंकडे आली. तिच्या आतून मी थरच्या थर निघाले.

पुढे तिन्ही ठिकाणचं माझं लिखाण शेजारी शेजारी ठेवलं गेलं. अंगठ्यातली, नळीतली, रक्तातली. पुसलेली पानं तीच, उतरवलेल्या नकला त्याच, तिसऱ्या प्रतीचा जादा खंडही तोच. शंकेला जागाच नव्हती. लॅबबाईंच्या सहकाऱ्यांनी ते पाहून "वा!" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वा म्हटलं, आणि ते याच्यासाठी.

साबणताईला बाळांच्या खोलीतून काढलं. तळघरात कपड्यांच्या कोठीत चादरींच्या घड्या घालायचं काम दिलं. पण जाण्याआधी ती चिमुटीच्या आईपुढे जाऊन उभी राहिली.

"बाळाच्या नळीत ते माझ्या हातातून गेलं. माझा अंगठा फुटला होता आणि मी तो लपवला. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगतेय."

आईनं काठ दुमडायचा थांबवला. ती काचेकडे वळली. मग म्हणाली, "सिस्टर, तुम्ही जा. मला आत्ता तुमचं तोंड बघवत नाही."

ताई गेली. लिफ्टमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी आपण मरावं. पण लाजेनं कोणी मरत नाही, आणि माझ्यासारखी तर औषधानंही लवकर मरत नाही.

वरच्या खोलीत मात्र मी मरत होते. नळी गेली, आसरा गेला, कडक औषधानं रक्तातल्या सगळ्या जणींना गाठलं. एक एक करून मी तिथून संपत गेले. संपण्यात मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं. माझ्यातली शेवटची जी तिच्या रक्तात उरली होती, तिला एक धक्का बसला. चिमुटीनं पाय झाडला होता.

आता उरले ती ताईच्या अंगठ्यात. कोठीत हात धुवायचं फारसं काम नव्हतं. तरी सवयीनं ती धुवायचीच, आणि मलम तसंच शेल्फावर पडून असायचं. बरं व्हायची घाई तिला नव्हती. फुटलेला अंगठा तिनं शिक्षा म्हणून ठेवला होता, असं मला वाटतं.

एक दिवस दुपारी कोठीच्या दारात चिमुटीची आई आली. चादरींच्या ढिगाआडून साबणताई उठली आणि तिच्या हातातली चादर खाली पडली.

"घाबरू नका. बरी आहे ती," आई आधी म्हणाली. मग आत आली. खाली पडलेली चादर उचलली, दोन कोपरे स्वतः धरले, दोन ताईच्या हातात दिले. दोघींनी घडी घातली. शिवणाऱ्या बाईची घडी, काठाला काठ.

"नव्या सिस्टर चांगल्या आहेत," आई म्हणाली. "पण त्यांचे हात गार असतात. ती दचकते."

"त्यांना सांगा, आधी तळवे घासायचे."

"सांगितलं. विसरतात." तिनं घडी ढिगावर ठेवली. "मी तुम्हाला माफ केलं असं म्हणायला आलेली नाही. ते मला अजून जमत नाही. पण ती तुमच्या हाताला रडत नव्हती, हे पण खरं आहे. हात बरे झाले का?"

"नाही अजून."

"दाखवा."

साबणताईनं हात मागे घेतला. "नको. याच्यात अजून असेल ते. तुम्हाला बाळाकडे जायचंय."

"मी घरी निघालेय. वरती तिचे बाबा बसलेत. जाताना धुवेन. दाखवा म्हणते ना!"

ताईनं अंगठा पुढे केला. मुठीत न दुमडता तो कोणापुढे धरायची ही तिची तिसरी वेळ. आईनं शेल्फावरचं मलम घेतलं, आपल्या बोटावर पिळलं आणि सुईला दोरा ओवताना धरावा तसा तो अंगठा धरून भेगेत हलक्या हातानं भरलं. ताई रडत होती. आई रडत नव्हती, तोंड घट्ट मिटून काम करत होती. "रोज लावायचं," ती म्हणाली. "मी विचारायला येईन."

ती खरंच येत राहिली. भेग खालून भरत आली आणि माझी जागा अरुंद होत गेली. एके दिवशी जागाच उरली नाही, आणि सुटलेल्या कोंड्याबरोबर मी बाहेर पडले. कोणत्याही घरातून इतक्या आनंदानं मी निघाले नव्हते.

आता मी फक्त या कुपीत आहे. चिमूट घरी गेली, एवढं लॅबबाईंच्या तोंडून कळलं. साबणताई वर परत आली, हेही कळलं. बाळांच्या खोलीत बेसिनशेजारी आता मलम टांगलेलं असतं आणि कामावर येताना प्रत्येकीनं दोन्ही हात उताणे आणि पालथे करून दाखवायचे असतात. पहिली दाखवते साबणताई.

मित्रांनो, माझ्यासारखी आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला जपू नका. ज्यांना माझं लिखाण वाचायचंय त्यांनी वाचावं आणि दार नीट लावून घ्यावं. जपायचंच असेल तर तुमच्या घरी कोणीतरी दिवसभर इतरांचं धूत असेल, पुसत असेल, औषध देत असेल, त्या माणसाचा हात एकदा हातात घ्या. तो मूठ मिटेल. "काही नाही रे" म्हणेल. ऐकू नका. "दाखवा" म्हणा, आणि अंगठा उलगडेपर्यंत हात सोडू नका.